मातीच्या रांजणातला इतिहास : डॉ. ह. धी. सांकलिया



पोळ्याच्या दिवशी ज्यांच्या दावणीला बैल नसतो, त्यांच्या घरी काय करतात? कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणतात, पाटावर मांडतात आणि तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. तुमच्यापैकी कित्येकांनी तर ओढ्याची चिकणमाती आणून स्वतःच्या हातांनी असे बैल केले असतील. खऱ्या बैलाची जागा मातीचा बैल घेतो आणि आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. आज आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत, त्यांनी अशाच मातीच्या वस्तूंवरून आपल्या महाराष्ट्राचा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा संसार उभा करून दाखवला. त्यांचं नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. पण त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं चीनला जाऊन येऊ.

एक विहीर आणि मातीची फौज

सन 1974. चीनमधल्या शिआन शहराजवळ काही शेतकरी पाण्यासाठी विहीर खणत होते. पाणी लागायच्या आधी त्यांच्या कुदळीला भाजक्या मातीचे तुकडे लागले. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं आणि जमिनीखालून एक अख्खी फौज बाहेर आली. माणसाच्या उंचीचे मातीचे सैनिक, घोडे, रथ. सैनिकांची संख्या सुमारे 8000 असावी असा अंदाज आहे. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आणि हातात शस्त्रं मात्र खरी, कांस्य धातूची.

ही फौज होती सम्राट चिन शी हुआंग याच्या थडग्याची राखण करायला. इ.स.पू. 221 मध्ये त्याने सगळी राज्यं जिंकून चीन एका छत्राखाली आणला आणि इ.स.पू. 210 मध्ये तो वारला. मेल्यानंतरही आपलं राज्य चालूच राहणार, मग तिथे सैन्य नको का? असा हा विचार.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्याच्याही हजार वर्षं आधी, शांग घराण्याच्या काळात, राजा मेला की त्याच्याबरोबर जिवंत माणसांना मारून पुरत असत. चिनच्या राज्यातही ही चाल होती. इ.स.पू. 384 मध्ये तिथे ती कायद्याने बंद केली गेली. हळूहळू माणसाच्या जागी मातीचा किंवा लाकडाचा पुतळा पुरायची रीत वाढली. म्हणजे मातीच्या पुतळ्याने कुणाचा तरी जीव वाचवला, असं म्हणायला हरकत नाही. तरी हे पूर्ण सुटलं नाही. याच सम्राटाच्या अंत्यविधीच्या वेळी राण्यांना आणि कबर बांधणाऱ्या कारागिरांनाही आत कोंडलं गेलं, असं जुन्या चिनी इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे.

हे सगळं एका सम्राटासाठी. मग सामान्य माणूस मेला तर? त्याचं लेकरू गेलं तर? त्यांच्यासाठी माती काय करत होती? या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आपल्याच मुलखात मिळतं. ते शोधायचा रस्ता घालून दिला तो सांकलियांनी.

अशक्त मूल, पण पक्का निश्चय

सांकलियांचा जन्म 10 डिसेंबर 1908 रोजी मुंबईत झाला. घराणं गुजराती आणि वकिलांचं. हे बाळ जन्मतः इतकं अशक्त होतं की ते जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. तेच मूल पुढे उन्हातान्हात, नदीकाठच्या दरडींवर दगड आणि खापरं शोधत आयुष्यभर पायी हिंडलं!

पंधरा वर्षांचे असताना त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या एका ग्रंथाचं गुजराती भाषांतर पडलं. आर्य लोक मूळचे उत्तर ध्रुवाकडचे, असं त्या ग्रंथात मांडलेलं आहे. त्या वयात त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही. पण आपल्या देशात फार पूर्वी कोण लोक राहत होते, हे आपण शोधायचंच, एवढं मात्र मनात पक्कं बसलं. त्यासाठी त्यांनी संस्कृत आणि गणिताचा अभ्यास धरला. एम. ए. ला त्यांनी नालंदा विद्यापीठावर संशोधन केलं. घरच्या रीतीप्रमाणे कायद्याची परीक्षाही दिली, पण काळा कोट काही अंगावर चढला नाही.

पुढे ते लंडनला गेले. गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली प्रत्यक्ष उत्खननाचे धडे घेतले. व्हीलर यांची शिस्त कडक होती. जमीन कशीही उकरायची नाही, थराथराने खणायची.

थर म्हणजे काय, हे समजायला सोपं आहे. दुरडीत भाकरीची चवड असते ना? सगळ्यात खालची भाकरी आधी थापलेली, सगळ्यात वरची शेवटची. जुन्या गावठाणाचंही तसंच आहे. वरच्या थरात मराठेशाहीचं नाणं मिळालं, त्याखाली सातवाहनांचं मिळालं, तर त्याच्याही खाली सापडणारं खापर आणखी जुनं. मधली माती विस्कटली नसेल तर हा हिशेब चुकत नाही. पण एकदा विस्कटली की तो हिशेब पुन्हा लावता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याची गरज पडणार आहे.

काळी आणि पांढरी

1939 मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि सांकलिया तिथे प्राध्यापक झाले. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे 1973 पर्यंत, ते तिथेच राहिले. त्याच संस्थेत इरावती कर्वेही होत्या. गुजरातमधल्या लांघणज इथे सांकलियांनी उत्खनन केलं, तिथे अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे मिळाले. त्या कामात इरावतीबाई त्यांच्या सोबत होत्या.

महाराष्ट्रात मात्र त्या वेळी एक मोठी पोकळी होती. सातवाहनांच्या आधी, म्हणजे साधारण 2200 वर्षांच्या पलीकडे, इथे शेती करून गाव वसवणारी माणसं होती की नव्हती, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शिलालेख नाही, ताम्रपट नाही, पोथी नाही. मग इतिहास लिहायचा कशावरून?

आपले वडीलधारे जमिनीला दोन नावं देतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या जिथे चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ती जमीन पांढुरकी होते आणि आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच होते. आपल्या बीड जिल्ह्यात गोदावरीच्या आणि सिंदफणेच्या काठाने जा, गावाशेजारी पांढरीची टेकाडं दिसतील. लोकांना ती पडीक जमीन वाटते. पुरातत्त्वज्ञाला ती बांधलेली पोथी वाटते.

सांकलिया आणि त्यांचे सहकारी नद्यांच्या काठाने अशी टेकाडं पाहत निघाले. प्रवरेच्या काठी, संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. 1950-51 मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. तांबडी, काळ्या रंगात नक्षी काढलेली, खणखणीत वाजणारी भांडी हाती आली. लोखंड अजून आलेलं नव्हतं. दगड आणि तांबं दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची ही संस्कृती. तिला आज जगभर जोर्वे संस्कृती म्हणून ओळखतात. मराठी मुलखातल्या एका छोट्या गावाचं नाव असं इतिहासात कायमचं बसलं.

नेवासे : दोन रांजण, एक लेकरू

नेवाशाला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. ज्ञानेश्वर माउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब तिथे आहे. त्याच नेवाशात प्रवरेकाठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. 1954 पासून सांकलियांच्या चमूने ते खणायला घेतलं.

खालच्या थरात जोर्वे काळातली घरं लागली. चोपून केलेली जमीन, चूल, धान्याची भांडी. आणि त्या जमिनीखाली, घराच्या आतच, खड्ड्यात आडवे ठेवलेले दोन रांजण. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला जोडलेलं. आत काय होतं? लहान मुलाची हाडं.

असा एक नाही, कितीतरी जोड्या निघाल्या. काही ठिकाणी बाळासोबत छोटी भांडी ठेवलेली होती. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे त्या माळेच्या दोऱ्याचे तंतूसुद्धा शिल्लक राहिले होते. विचार करा, तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या मुलाच्या गळ्यात माळ घातली आणि ते गेल्यावरही ती काढून घेतली नाही. तांबं तेव्हा काही स्वस्त नव्हतं.

मेलेलं मूल गावाबाहेर न नेता घरातच का ठेवलं असेल? ते घरापासून दुरावू नये म्हणून? ते पुन्हा त्याच आईच्या पोटी यावं म्हणून? त्या लोकांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही, म्हणून अभ्यासक तर्क करतात. पण एवढं नक्की की हे काम टाकाऊ वस्तू फेकल्यासारखं झालेलं नाही. डोकं उत्तरेकडे, रांजणांची तोंडं जुळवलेली, सोबत वाटी किंवा तोटीचं भांडं. प्रत्येक वेळी तीच पद्धत.

चीनच्या सम्राटाला पाठराखणीला हजारो मातीचे सैनिक लागले. नेवाशातल्या लेकराला मातीची दोन भांडी पुरली. एका ठिकाणी मातीने सैनिक होऊन पहारा दिला, दुसऱ्या ठिकाणी भांडं होऊन कुशीत घेतलं. आणि हो, नेवासे त्या सम्राटाच्या कितीतरी शतकं आधीचं आहे.

इनामगाव : गावाची पूर्ण गोष्ट

सांकलियांचं समाधान मात्र होत नव्हतं. इथे एक खड्डा, तिथे एक चर, असं खणून गाव कळत नाही. अंगण कुठे, गल्ली कुठे, कोणाचं घर मोठं, कोणाचं लहान, हे समजायला टेकाड आडवं, मोठ्या क्षेत्रावर उघडावं लागतं. त्यासाठी निवडलं गेलं घोड नदीकाठचं इनामगाव, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं. 1968 मध्ये काम सुरू झालं आणि ते 1983 पर्यंत चाललं. सांकलियांबरोबर म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी होते. शंभराहून अधिक घरं उघडी झाली आणि दोनशेहून अधिक दफनं मिळाली. हे गाव इ.स.पू. 1600 ते इ.स.पू. 700 असं तब्बल नऊशे वर्षं नांदत होतं.

इनामगावातही लेकरांसाठी दोन रांजणांचीच रीत होती. मोठ्या माणसांना मात्र खड्ड्यात उताणं निजवलेलं होतं आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते! का? मेलेल्या माणसाने उठून चालू लागू नये, गावाला त्रास देऊ नये म्हणून असावं, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे बघा, माणूस हवासाही वाटत होता, म्हणून अंगणात ठेवला. आणि त्याची भीतीही वाटत होती, म्हणून पाय तोडले. आपल्याही घरांत गेलेल्या माणसाला घास ठेवतात आणि त्याच वेळी त्याने मागे घुटमळू नये असंही म्हणतात, नाही का?

एक दफन मात्र सगळ्यांहून वेगळं निघालं. पाच खोल्यांचं मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा मोठा रांजण होता आणि त्यात साधारण चाळिशीचा पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा असं मानतात. बसवून पुरायची पद्धत आपल्याला परकी नाही, मराठवाड्यात लिंगायत समाजात आजही तशी समाधी देतात. यावरून ते लोक हेच, असं मुळीच म्हणता येत नाही. पण एखादी रीत किती अर्थांनी पुन्हा पुन्हा माणसाला सुचते, हे मात्र दिसतं.

या प्रमुखासोबत ना सैन्य, ना घोडे, ना रथ. पण त्याला वेगळा रांजण मिळाला, आणि त्याचं घर कोठाराला लागून होतं. लहानमोठेपणा इथेही होताच.

मूर्ती सापडली, पण थडग्यात नाही

मग इनामगावला मातीच्या मूर्ती नव्हत्या का? होत्या. एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, झाकण असलेली मातीची लांबट पेटी मिळाली. तिच्यासोबत कच्च्या मातीच्या दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. एका मूर्तीला डोकंच नाही, मुद्दाम बिनडोक्याची घडवलेली. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्र आहे. काडी घालून जोडली की देवी बैलावर बसते.

ही मूर्ती मेलेल्यांच्या सोबतीला दिलेली नाही. ती नांदत्या घरातली आहे. घरातल्या मुलाबाळांचं रक्षण व्हावं म्हणून तिची पूजा होत असावी, असा एक तर्क आहे. आता मला सांगा, पोळा कोणत्या दिवशी येतो? श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला. आणि त्याच दिवशी आपल्या आया मुलांच्या आयुष्यासाठी पिठोरीचं व्रत करतात. एकीकडे मातीचा बैल, दुसरीकडे लेकरांसाठी देवी. मधल्या तीन हजार वर्षांत धागा तुटला की टिकला, हे सिद्ध करता येत नाही. पण काळजी तीच आहे, एवढं आपण म्हणू शकतो.

या काळजीला कारणही होतं. त्या दफनांमध्ये लहान मुलं फार आहेत. सुरुवातीच्या काळात इनामगावात बार्लीचं पीक होतं, पाणी वळवायला बांध आणि पाटही घातलेला होता. पुढे इ.स.पू. 1000 च्या सुमाराला पाऊसमान घटलं असं संशोधक मानतात. चौकोनी मोठी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, शिकार आणि भटकंती वाढली. शेवटी गाव उठलं. दुष्काळ पडला की घराला कुलूप लावून बाहेर पडणं म्हणजे काय, हे बीडच्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. इनामगावचे लोक म्हणूनच आपल्याला लांबचे वाटत नाहीत.

शेवटची वर्षं

1974 मध्ये, म्हणजे चीनमध्ये ती विहीर खणली गेली त्याच वर्षी, सांकलियांना पद्मभूषण मिळालं. त्यांनी इंग्रजीत मोठे ग्रंथ लिहिले, आत्मचरित्र लिहिलं आणि म. श्री. माटे यांच्याबरोबर महाराष्ट्राच्या पुरातत्त्वावर मराठीतही पुस्तक सिद्ध केलं. त्यांनी घडवलेले विद्यार्थी देशभर पुरातत्त्वाचं काम करू लागले. निवृत्तीनंतरही त्यांचा अभ्यास चालूच होता. इनामगावचा भलामोठा अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 28 जानेवारी 1989 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

सांकलियांना ना सोन्याचा खजिना मिळाला, ना सम्राटाची फौज. त्यांना मिळाली खापरं, राख, जळके दाणे आणि रांजणातली लेकरं. पण ज्यांचं नाव कुठल्याच दगडावर कोरलेलं नाही, त्यांनाही इतिहास असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. चीनमध्ये हजारो सैनिक आहेत, पण ते सगळे एकाच माणसाची गोष्ट सांगतात. इनामगावचा एकेक रांजण एकेका घराची गोष्ट सांगतो.

आता आपलं काम

मित्रांनो, आपल्याकडे माळवदाच्या घरांवर टाकायला पांढरी माती लागायची, म्हणून लोक टेकाडातून गाडीभर माती आणत. तेव्हा कुदळ-पाटीचं काम, नुकसान थोडं व्हायचं. आता जेसीबी येतो आणि एका दिवसात टेकाड सपाट होतं. भाकरीची चवड आठवते ना? एकदा विस्कटली की कोणती आधीची, कोणती नंतरची, हे कोणालाही सांगता येत नाही. मग पुन्हा दहा सांकलिया जन्मले तरी उपयोग नाही.

म्हणून शेतात किंवा पांढरीत नक्षीचं खापर, मणी, मूर्तीचा तुकडा दिसला तर उकरू नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि शिक्षकांना दाखवा. शिक्षक, ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालय यांच्यामार्फत ते पुरातत्त्व विभागापर्यंत पोहोचवता येतं. आणि सहल ठरली तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर जरूर पाहा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती तिथल्या संग्रहालयात आहेत. मातीच्या वस्तूकडे कसं पाहायचं, हे तिथे डोळ्यांनी शिकता येईल.

यंदा पोळ्याला मातीचा बैल कराल, तेव्हा त्याच्यावर उमटलेला तुमच्या बोटाचा ठसा एकदा नीट पाहा. असेच ठसे शोधण्यात एका माणसाने आपलं आयुष्य घातलं.

स्वाध्याय

1. चीनमध्ये माणसांऐवजी मातीचे पुतळे पुरण्याची रीत का महत्त्वाची वाटते? तुमच्या शब्दांत लिहा.
2. जोर्वे काळातील लहान मुलांचे आणि मोठ्या माणसांचे दफन यांतील फरक सांगा.
3. इनामगावची बैलावरची देवी थडग्यात न सापडता घरात सापडली, यावरून तुम्हाला काय वाटते?
4. आजी-आजोबांना विचारा : आपल्या गावची पांढरी कुठे आहे? तिथे पूर्वी काय होते? मिळालेली माहिती वहीत तारखेसह लिहून ठेवा.